जुने संगणक-खेळ नव्या यंत्रावर कसे चालवावेत?

शाळेत नवा संगणक येतो तो दिवस मोठ्या उत्साहाचा असतो. ग्रामपंचायतीचे सदस्य येतात, नारळ फुटतो, यंत्राला हळदकुंकू वाहिले जाते. दुसऱ्या दिवशी मात्र पाचवीतील एखादा मुलगा हळूच विचारतो, “गुरुजी, तो पाढ्यांचा खेळ यात कुठे आहे?” गुरुजी कपाटातून जुनी सीडी शोधून काढतात, आणि मग त्यांच्या ध्यानात येते की नव्या यंत्राला सीडी घालण्याची जागाच नाही. कोठून तरी बाहेरून जोडावयाचे सीडी-यंत्र मिळविले, तर पडद्यावर पाटी झळकते की हा प्रोग्राम आपल्या संगणकावर चालू शकत नाही. सीडी पुन्हा कपाटात जाते, आणि पुढील निर्लेखनाच्या यादीत जुन्या संगणकाबरोबर तीही जाते.

असा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. खेळ बिघडला, सीडी खराब झाली, असे समजून आपण तो विषय सोडून देतो. वस्तुतः दहांपैकी आठ वेळा सीडीही चांगली असते आणि खेळही चांगला असतो. तो खेळ ज्या यंत्रासाठी रचला गेला ते यंत्र तेवढे राहिलेले नसते. हे एकदा नीट समजले म्हणजे पुढील उपाय अवघड वाटत नाहीत. यासाठी संगणकशास्त्राच्या पदवीची गरज नाही; एक मोकळी दुपार आणि थोडा धीर पुरतो.

प्रस्तुत लेखक इतवारीत राहतो. इतवारी स्थानकावरून उमरेड, भिवापूरवरून नागभीडकडे जाणारी लहान गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल; त्या बाजूच्या शाळांतील कित्येक शिक्षकांनी तिने प्रवासही केला असेल. त्या गाडीच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या गाडीचे रूळ १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंद मापाच्या कामासाठी ती गाडी बंद झाली. तिच्या इंजिनात बिघाड झाला होता म्हणून ती थांबली नाही; खालचा मार्ग बदलावयाचा होता म्हणून थांबली. त्या इंजिनाला आज रुंद रुळावर उभे करू म्हटले तर चाके रुळाला लागणारच नाहीत. पण नागपुरात मोतीबागेला २००२ पासून लहान मापाच्या गाड्यांचे संग्रहालय आहे, आणि तेथे ही इंजिने आपल्या मापाच्या रुळांवर सुखाने उभी आहेत. जुन्या संगणक-खेळाचे नेमके असेच आहे. त्याला नव्या मार्गावर ढकलू नये. नव्या यंत्राच्या आवारातच त्याच्या मापाचा एक छोटा मार्ग टाकून द्यावा.

संगणकाच्या बाबतीत हे ‘माप’ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. यंत्राचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, एका वेळी किती लांबीची संख्या हाताळतो, यावरून त्याला सोळा बिटचा, बत्तीस बिटचा किंवा चौसष्ट बिटचा म्हणतात. इंटेल कंपनीचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ साली निघाला, तो सोळा बिटचा होता. १९८५ मध्ये त्याच घराण्यात बत्तीस बिटचा ८०३८६ आला. २००३ पासून चौसष्ट बिटचे प्रोसेसर घरगुती यंत्रांत येऊ लागले. प्रत्येक नव्या पिढीने मागील पिढीचे प्रोग्राम चालविण्याची सोय ठेवली होती. तथापि चौसष्ट बिटच्या पद्धतीत चालताना प्रोसेसर ८०८६ चे सोंग घेऊ शकत नाही, आणि म्हणून चौसष्ट बिटच्या विंडोजमधून सोळा बिटचे प्रोग्राम चालविणारी यंत्रणा वगळण्यात आली. २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ हे चौसष्ट बिटचेच असते. त्यामुळे शेजारच्या शाळेतील जुन्या, बत्तीस बिटच्या विंडोजवर चालणारा खेळ आपल्या नव्या यंत्रावर चालत नाही, तेव्हा त्यात आपला दोष नाही, आणि यंत्र पुरविणाऱ्याचाही नाही.

दुसरी अडचण वेगाची. आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या वैयक्तिक संगणकाचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. त्या काळच्या काही खेळ रचणाऱ्यांनी घड्याळ पाहून वेळ मोजण्याऐवजी यंत्राच्या फेऱ्या मोजून वेळ मोजली. मोट हाकणाऱ्या शेतकऱ्याने बैलांच्या इतक्या फेऱ्या झाल्या म्हणजे न्याहारीची वेळ झाली असा हिशेब ठेवावा, तसा हा प्रकार. बैल तेच असतील तोवर हिशेब बरोबर ठरतो. त्यांच्या जागी विजेचा पंप बसविला म्हणजे सूर्य उगवण्यापूर्वीच न्याहारीची वेळ होते! अशा खेळातील मोटार नव्या यंत्रावर सुरू होताच भिंतीवर आदळते. मुलाचे बोट कळीपर्यंत पोचतही नाही. ऐंशीच्या व नव्वदीच्या दशकांतील अनेक संगणकांच्या पेटीवर ‘टर्बो’ नावाचे एक बटन असे. नावावरून ते वेग वाढविण्याचे वाटते, पण त्याचा खरा उपयोग यंत्र मुद्दाम हळू करण्यासाठी होता, म्हणजे असले फेऱ्या मोजणारे खेळ खेळता यावेत. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेल्या काही प्रोग्रामांची तर आणखी गंमत आहे. आरंभी यंत्राचा वेग मोजताना ते भागाकार करतात. वेगवान यंत्रावर उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही, आणि प्रोग्राम ‘त्रुटी २००’ अशी पाटी दाखवून बंद पडतो. पाटीवरील चौकटीत न मावणारे उत्तर आल्यावर एखाद्या मुलाने पाटीच खाली ठेवावी तसे.

आता उपायांकडे वळू. प्रथम आपल्या जवळचा खेळ कोणत्या काळचा आहे हे ओळखावे. फ्लॉपीवर आलेला, किंवा वेष्टनावर ‘डॉस’ असा उल्लेख असलेला खेळ साधारणपणे १९९५ च्या पूर्वीचा असतो. वेष्टनावर विंडोज ९५, ९८ अथवा एक्सपी असे लिहिले असेल तर तो नंतरच्या दहा-बारा वर्षांतील. आणि जे खेळ आपण पूर्वी इंटरनेटवर ब्राउझरमध्येच खेळत होतो, ते बहुधा फ्लॅशमधले. या तिघांचे उपचार वेगवेगळे आहेत. ताप, खोकला आणि खरूज यांना एकच गोळी चालत नाही.

डॉसच्या खेळांना ‘डॉसबॉक्स’ नावाचा प्रोग्राम आहे. तो २००२ पासून उपलब्ध असून विनामूल्य आहे, आणि विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालतो. अशा प्रोग्रामाला एम्युलेटर म्हणतात. नव्या संगणकाच्या आत एक जुना संगणक, त्याचा प्रोसेसर, त्याचे ध्वनियंत्र, त्याचा पडदा, यांची तो हुबेहूब नक्कल उभी करतो. इतवारी स्थानकाच्या दृष्टान्तात सांगावयाचे तर हाच तो आवारात टाकलेला लहान मार्ग. तो केवळ त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. याचे कारण पुढे येईल.

डॉसबॉक्स बसविल्यावर सी या कप्प्यात एक फोल्डर करावे. त्याचे नाव रोमन अक्षरांत, आठ अक्षरांहून कमी आणि मध्ये जागा न सोडता ठेवावे, कारण डॉसला आठांहून अधिक अक्षरांचे नाव समजत नाही, आणि मराठी नाव तर मुळीच नाही. खेळाच्या सर्व फाईली त्यात ठेवाव्यात. डॉसबॉक्स उघडले की काळ्या पडद्यावर ‘झेड’ या अक्षरापुढे खूण लुकलुकते. तेथे ‘माउंट’ ही आज्ञा, एक जागा सोडून ‘सी’ हे अक्षर, पुन्हा एक जागा सोडून आपल्या फोल्डरचा संपूर्ण पत्ता, असे रोमन लिपीत टंकित करून एंटर दाबावे. ‘तुझ्या सी या कप्प्याच्या जागी माझे हे फोल्डर समज’ एवढाच या आज्ञेचा अर्थ. नंतर ‘सी’ व विसर्गासारखी दोन टिंबांची खूण टंकित करून एंटर दाबले म्हणजे आपण त्या फोल्डरमध्ये पोचतो. ‘डीआयआर’ ही तीन अक्षरे दिली की फाईलींची यादी दिसते. तीत ‘ईएक्सई’, ‘सीओएम’ किंवा ‘बीएटी’ अशा शेपटीची जी फाईल असेल तिचे नाव टंकित केले म्हणजे खेळ सुरू होतो. पहिल्या खेपेस हे सारे लांबलचक वाटते. तिसऱ्या खेपेस सातवीची मुले आपल्यावाचून करू लागतात, असा अनुभव आहे, आणि टंकलेखनातील अचूकतेचा तो एक चांगला पाठही होतो. एक टिंब राहिले तरी यंत्र ऐकत नाही, हे मुलांना शुद्धलेखनाच्या तासापेक्षा येथे लवकर पटते.

वेगाचे नियंत्रण दोन कळींवर आहे. कंट्रोल व एफ ११ एकत्र दाबल्यास खेळ मंद होतो; कंट्रोल व एफ १२ दाबल्यास जलद. खिडकीच्या वरच्या पट्टीवर वेगाचा आकडा दिसतो. सामान्यतः प्रारंभी तो ३००० असतो. मोटार भिंतीवर आदळत असेल तर आकडा खाली आणावा, चित्र अडखळत असेल तर वर न्यावा, आणि मुलाच्या हाताला जमेल असा वेग सापडला की तो आकडा लिहून ठेवावा. लॅपटॉपवर या कळींबरोबर ‘एफएन’ ही कळही दाबावी लागते. खेळात माउस अडकून पडला तर कंट्रोल व एफ १० ने तो सुटतो. आल्ट व एंटर यांनी खेळ पूर्ण पडद्यावर येतो आणि परत लहान होतो. आवाज येत नसेल तर खेळाच्या ‘सेटअप’ मध्ये साउंड ब्लास्टर हे ध्वनियंत्र निवडावे. पत्ता २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ हे आकडे द्यावेत.

आणखी एक बारीक गोष्ट, जी गणिताच्या शिक्षकांना विशेष खटकेल. जुने पडदे चारास तीन या प्रमाणाचे होते, नवे सोळास नऊ. जुने चित्र नव्या पडद्यावर ताणून बसविले म्हणजे वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि चौरसाचा आयत. ज्या खेळातून आपण आकृत्या ओळखावयास शिकविणार त्यातच चौरस खोटा असेल तर पंचाईतच! डॉसबॉक्सच्या मांडणीच्या फाईलमध्ये ‘अस्पेक्ट’ या शब्दापुढे ‘ट्रू’ असे लिहिले म्हणजे प्रमाण जागेवर येते. पडद्याला एकदा फूटपट्टी लावून खात्री करून घ्यावी.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्याच व्यवसायाचे आहे. १९७१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच हा शिकाऊ शिक्षक आठवीला इतिहास शिकवीत होता. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे जाणाऱ्या कुटुंबांचा पाठ रंगावा म्हणून त्याने, बिल हाइनमन व पॉल डिलनबर्गर या आपल्या दोन सोबत्यांच्या साहाय्याने, ‘ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ रचला. पडदा नव्हताच, दूरच्या संगणकाला तारेने जोडलेले टंकलेखन-यंत्र होते, आणि खेळ कागदावर उमटत असे. शिकार करावयाची असेल तर ‘बँग’ हा शब्द झटपट टंकित करावयाचा. सत्र संपले तेव्हा त्यांनी प्रोग्रामची कागदी प्रत काढून घेतली आणि तो संगणकातून पुसून टाकला. पुढे १९७४ मध्ये रॉविच मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत, म्हणजे ‘मेक’ मध्ये, नोकरीस लागला तेव्हा त्याने ते कागद बाहेर काढले आणि संपूर्ण प्रोग्राम ओळीमागून ओळ पुन्हा टंकित केला. तेवढ्यावर तो थांबला नाही. खऱ्या प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून, वाटेत आजार, पाऊस, चाक मोडणे या घटना किती वेळा घडत, त्या प्रमाणात त्याने त्या खेळात बसविल्या. जुना खेळ नव्या यंत्रावर चालविण्याचे हे उदाहरण एका शिक्षकाच्या हातून, आणि केवळ कागद जपून ठेवल्यामुळे घडले. त्याच संस्थेने पुढे ‘नंबर मंचर्स’ हा अंकांचा खेळ काढला. पटावरील घरांत संख्या असतात. सहाच्या पटीतील संख्या तेवढ्या खावयाच्या, बाकीच्या सोडावयाच्या, आणि मागे लागलेल्या राक्षसांपासून पळावयाचे. लेखाच्या आरंभी ज्या पाढ्यांच्या खेळाविषयी मुलाने विचारले तो हाच. आमच्या शाळेला एका सद्‌गृहस्थाने दिलेल्या जुन्या संगणकासोबत त्याची मूळ प्रत आली होती. इंग्रजी न येणाऱ्या मुलांनाही तो कळतो, कारण अंकांची भाषा सर्वत्र एकच. बारा ते वीसपर्यंतचे पाढे ज्यांच्या तोंडी बसत नव्हते अशा तीन मुलांनी या खेळाच्या नादाने ते पाठ केले, हे मी स्वतः पाहिले आहे.

आपल्या देशातही शाळेतील जुन्या प्रोग्रामांची अशीच एक पिढी होऊन गेली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाची योजना काढून सुमारे अडीचशे माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. त्यांची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती; आजच्या साध्या भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. ते संगणक गेले. पण त्यांचीही नक्कल करणारे एम्युलेटर आज आहेत, आणि त्यांपैकी एक तर ब्राउझरमध्येच उघडतो.

विंडोजच्या काळातील सीडींकडे येऊ. येथे पहिला उपाय सोपा आहे. खेळाच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, त्यात ‘कम्पॅटिबिलिटी’ या पानावर जाऊन विंडोज ९५, ९८ किंवा एक्सपी यांपैकी वेष्टनावर असेल ते निवडावे. त्याच पानावर २५६ रंगांची व ६४० गुणिले ४८० च्या पडद्याची खूण आहे. रंग विचित्र दिसत असल्यास किंवा चित्र पडद्याच्या कोपऱ्यात बसत असल्यास त्या करून पाहाव्यात. मग एक चमत्कारिक अडचण उरते. त्या काळच्या पुष्कळ सीडींवरील खेळ स्वतः बत्तीस बिटचा, म्हणजे आज चालण्याजोगा, असतो. परंतु त्याला यंत्रात बसविणारा ‘सेटअप’ हा प्रोग्राम सोळा बिटचा असतो. घरमालक तयार, पण दारावरचा पहारेकरी आत सोडीत नाही अशी स्थिती. अशा वेळी सीडीवरील फोल्डर उघडून खेळाची मुख्य फाईल थेट यंत्रावर उतरवून चालवून पाहावी. पुष्कळदा ती चालते.

नव्या लॅपटॉपला सीडीची जागा नसल्यास, ज्या यंत्राला ती आहे अशा एखाद्या यंत्रावर सीडीची ‘आयएसओ’ प्रतिमा करून घ्यावी आणि ती पेनड्राइव्हवर आणावी. विंडोज ८ पासून पुढे अशा प्रतिमेवर दोनदा टिचकी मारली की ती सीडीप्रमाणे उघडते. प्रतिमा एकदा झाली म्हणजे मूळ सीडी मुलांच्या हाती द्यावी लागत नाही, हा दुसरा लाभ. काही सीडींना नक्कल रोखणारे कुलूप असते. त्यांतील सेफडिस्क या प्रकारचे कुलूप विंडोज १० ने चालविणेच बंद केले. तेव्हा तेथे खटपट करीत बसू नये. तो खेळ नव्या यंत्रासाठी पुन्हा विक्रीस आला आहे काय ते पाहावे, नाही तर त्यासाठी जुना संगणक राखावा.

जुना संगणक राखण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. चालू स्थितीतील एक जुना संगणक, इंटरनेटपासून पूर्णपणे तोडून, केवळ खेळांसाठी व जुन्या सीडींसाठी वर्गाच्या कोपऱ्यात ठेवावा. विंडोज एक्सपीला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा एप्रिल २०१४ मध्ये थांबली, म्हणून ते यंत्र नेटला जोडणे धोक्याचे. पण न जोडता ते निरुपद्रवी आहे. डेडस्टॉक नोंदवहीत त्याच्यापुढे ‘अध्यापन-साहित्य म्हणून वापरात’ अशी नोंद मुख्याध्यापकांकडून करवून घ्यावी, म्हणजे निर्लेखनाच्या वेळी ते भंगारात जाणार नाही.

मराठी सीडींची एक स्वतंत्र व्यथा आहे. मराठी गोष्टींची किंवा बाराखडीची जुनी सीडी नव्या यंत्रावर सुरू होते, चित्रे येतात, आवाजही येतो, पण अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गाळ दिसतो. युनिकोडचा सार्वत्रिक उपयोग होण्यापूर्वी प्रत्येक फॉन्ट करणाऱ्याने रोमन अक्षरांच्या घरांत आपल्या मर्जीने देवनागरी वळणे बसविली होती. ‘क’ चे वळण एकाने एका घरात ठेवले, दुसऱ्याने दुसऱ्या. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रात नसला की घरातील मूळ रोमन अक्षर उघडे पडते. यावर उपाय सीडीतच असतो. तीत ‘फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर शोधावे व त्यातील फाईली यंत्रात बसवाव्यात. बहुतेक वेळा लगेच ‘कमळ’ कमळासारखे दिसू लागते. ज्या शाळांनी सीडी टाकून दिली आणि केवळ यंत्रावरील खेळाचे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, त्यांचा फॉन्ट मात्र मागे राहिला. म्हणून संपूर्ण सीडीची प्रतिमा करावी, निवडक फाईलींची नव्हे.

फ्लॅशविषयी थोडक्यात. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने खेळ चालविणेच थांबविले. ‘एसडब्ल्यूएफ’ शेपटीच्या फाईली आपल्याजवळ उतरवून ठेवल्या असतील तर ‘रफल’ या विनामूल्य प्रोग्रामात त्यांतील बऱ्याच उघडतात.

आता जी गोष्ट सांगणे मला सुखाचे नाही ती सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलांच्या आग्रहावरून मी एक जुना खेळ इंटरनेटवर शोधू लागलो. एका संकेतस्थळावर तो ‘विनामूल्य’ मिळाला. उतरवून घेताना तेथे सूचना होती की विषाणुप्रतिबंधक प्रोग्राम क्षणभर बंद करावा, कारण तो जुन्या खेळांना चुकून अडवितो. मी तो बंद केला. खेळ सुरू झालाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यंत्रातील एकही फाईल उघडेना. त्यांत पाचवी व सहावीच्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत मी केली नव्हती. हस्तलिखित वह्यांवरून त्या नोंदी पुन्हा भरण्यास मला नऊ रात्री लागल्या. दोन मुलांच्या वह्या सापडल्याच नाहीत. त्यांच्या पालकांपुढे मला जे सांगावे लागले ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा शिरस्ता असा: ज्या यंत्रात विद्यार्थ्यांच्या नोंदी, शालार्थ वा युडायसची माहिती असते त्यावर खेळाचा कोणताही प्रयोग करावयाचा नाही, आणि विषाणुप्रतिबंधक बंद करण्यास जो सांगतो त्याची फाईल त्याच क्षणी पुसून टाकावयाची.

कायद्याचीही बाजू आहे. बाजारात मिळत नाही म्हणून जुना खेळ सर्वांच्या मालकीचा झाला, असा समज सर्वत्र पसरला आहे; तो खरा नाही. कॉपीराइटचा हक्क खेळ विकणे बंद झाल्याने संपत नाही. तथापि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याजवळ प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या आहे त्याने ती नष्ट होण्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत करण्यास मुभा आहे. तेव्हा शाळेच्या मालकीच्या सीडीची प्रतिमा करण्यात गैर काही नाही. ती प्रतिमा केंद्रातील साऱ्या शाळांना वाटणे ही निराळी गोष्ट होय. शिवाय कर्त्यांनी स्वतः मुक्त केलेले जुने खेळही आहेत. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा खेळ त्याच्या कर्त्यांनी २००३ मध्ये विनामूल्य केला आणि तो स्कमव्हीएम या प्रोग्रामात चालतो. तो मोठ्या मुलांसाठी आहे, पाचवीच्या नव्हे. आणि पाठाचा हेतू जर एखाद्या नव्या मुक्त खेळाने साधत असेल, उदाहरणार्थ २००० पासून तयार होत असलेल्या जीकॉम्प्रीस या बालखेळांच्या संचाने, तर जुन्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असेही कोणी विचारील. विचारणे योग्य आहे. मी एवढेच पाहतो की मुले कोणता खेळ स्वतः होऊन पुन्हा मागतात.

शेवटी साठवणीबद्दल. फ्लॉपी व घरी लिहिलेल्या सीडी अमर नाहीत. बुरशी, धूळ आणि विदर्भातील उन्हाळा त्यांना खातो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ च्या प्रसिद्ध खेळाचा कर्ता जॉर्डन मेक्नर याला आपल्याच खेळाचा मूळ मजकूर कित्येक वर्षे सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना कपाटातील एका खोक्यात त्या फ्लॉपी मिळाल्या. जाणकार बोलावून, जुनी यंत्रे जोडून त्या वाचाव्या लागल्या, आणि सुदैवाने वाचता आल्या. आपल्या शाळेतील फ्लॉपी वाचण्यास कोणी येणार नाही. म्हणून येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वी कपाट उघडावे, प्रत्येक सीडी पाण्याने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल पुसू नये, आणि तिची प्रतिमा दोन ठिकाणी ठेवावी: एक शाळेत, एक केंद्रप्रमुखांच्या कार्यालयात किंवा मुख्याध्यापकांच्या घरी. सोबत एक साधी वही असावी. तीत खेळाचे नाव, तो कोणत्या उपायाने चालला, वेगाचा आकडा, फॉन्टचे नाव आणि कोणत्या इयत्तेला कोणत्या घटकासाठी उपयोगी पडला, हे लिहावे. माझ्या वहीत मोटारीच्या खेळापुढे २१०० हा आकडा आहे. तो मी काढलेला नसून सातवीच्या एका मुलीने दोन दुपारी खटपट करून काढलेला आहे, आणि तिचे नावही तेथेच लिहिले आहे.